कृपा विकत मिळत नाही : अनिश्चित काळात देवाचे दान कसे स्वीकारावे

रोमन कॅथलिक चर्चने २०२५ हे ज्युबिली वर्ष, म्हणजे क्षमेचे आणि यात्रेचे पवित्र वर्ष, म्हणून पाळले. २४ डिसेंबर २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या सेंट पीटर महामंदिराचे, यात्रेकरूंसाठी अशा वर्षीच खुले होणारे पवित्र द्वार उघडले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले आणि उरलेले वर्ष पोप लिओ चौदावे यांच्या काळात पार पडले. या वर्षाचे ब्रीद ‘आशेचे यात्रेकरू’ असे होते. त्या निमित्ताने ‘कृपा’ हा शब्द प्रवचनांतून आणि कौटुंबिक प्रार्थनांतून पुन्हा पुन्हा कानावर आला, आणि त्याबरोबर दोन प्रश्नही आले. यात्रा केल्याने किंवा द्वारातून आत गेल्याने कृपा मिळत असेल, तर ती मोफत कशी, हा पहिला. नोकरीची शाश्वती नाही, पाऊस वेळेवर येत नाही, घरातल्या आजारपणाचा शेवट दिसत नाही, अशा स्थितीत ‘देवाची कृपा आहे’ असे म्हणणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे नव्हे काय, हा दुसरा.

हे दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, आणि ते वरवर दिसतात तितके वेगळे नाहीत. भविष्य धूसर झाले की माणूस देवाकडे अधिक वळतो हे खरे, परंतु वळताना तो बहुधा हिशेबाची वही सोबत घेऊन जातो. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा मात्र असा आहे की देवाशी असलेले नाते हिशेबावर उभे नाही. ही गोष्ट ऐकायला सोपी आणि मान्य करायला अतिशय कठीण आहे.

कृपा म्हणजे नेमके काय

ख्रिस्ती शिकवणीत कृपा म्हणजे ज्याच्यावर माणसाचा कोणताही हक्क नाही, जे त्याने कमावलेले नाही आणि कमावू शकतही नाही, असे देवाचे प्रेम आणि त्या प्रेमाने केलेली मदत. या मदतीचा परमोच्च भाग म्हणजे तारण, अर्थात पाप आणि मृत्यू यांच्या पकडीतून सुटून देवाशी समेट होणे. हा समेट येशू ख्रिस्ताच्या क्रुसावरील मरणाने आणि पुनरुत्थानाने घडवून आणला, अशी सर्व ख्रिस्ती मंडळ्यांची (चर्चची) श्रद्धा आहे. इफिस येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे स्पष्ट शब्दांत आले आहे : तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे झाले आहे, ते देवाचे दान आहे, आणि कोणी बढाई मारू नये म्हणून ते कर्मांवर अवलंबून ठेवलेले नाही.

मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या संतांनी स्वतःच्या अपुरेपणाची जाणीव आणि देवाच्या दयेची ओढ ज्या उत्कटतेने मांडली, त्या उत्कटतेत आपली भाषा वाढली आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे कृतज्ञतेने म्हटले होते. ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण असे की ती ही कृपा एका ठरावीक ऐतिहासिक व्यक्तीत, येशू ख्रिस्तात, प्रकट झाली असे मानते.

खरेदीखत आणि बक्षीसपत्र

कृपा ‘मोफत’ आहे पण ती ‘स्वीकारावी’ लागते, या दोन विधानांत अनेकांना विसंगती वाटते. स्वीकारण्याची अट आहे, म्हणजे काहीतरी करणे आलेच, आणि काही करणे आले की ती मोफत कुठे राहिली, असा हा आक्षेप असतो. तो सोडवायला आपल्याकडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात रोज नोंदवले जाणारे दोन दस्त उपयोगी पडतात.

जमीन किंवा घर एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा नेहमीचा मार्ग खरेदीखताचा असतो. त्यात मोबदला लिहिलेला असतो, आणि रक्कम चुकती झाली की खरेदीदाराचा हक्क निर्माण होतो. बक्षीसपत्र निराळे असते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम १२२ नुसार बक्षीस म्हणजे स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय केलेले हस्तांतरण, आणि ते घेणाऱ्याने किंवा त्याच्या वतीने कोणी स्वीकारलेले असले पाहिजे. स्वीकार होण्यापूर्वीच घेणारा मरण पावला, तर ते बक्षीस रद्द ठरते. म्हणजे स्वीकार आवश्यक आहे, आणि तरीही स्वीकार हा मोबदला नाही. काकांनी पुतणीच्या नावे घर बक्षीस दिले आणि तिने ते स्वीकारले, म्हणून तिने घराची किंमत चुकवली असे कोणी म्हणणार नाही. तिने एवढेच केले की ‘नको’ म्हटले नाही, आणि त्या घरात ती आपले घर म्हणून राहू लागली.

विश्वास म्हणजे हा स्वीकार. तो देवाला दिलेला मोबदला नाही. ‘मी इतका विश्वास ठेवला, म्हणून देवाने मला अमुक दिले’ अशी मांडणी आपण करतो, तेव्हा नकळत बक्षीसपत्राचे खरेदीखत करतो. केवळ पैशांऐवजी तिथे विश्वासाची रक्कम भरतो. कायद्यातील ‘त्याच्या वतीने’ हे शब्दही लक्षात घेण्यासारखे आहेत. अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक बक्षीस स्वीकारू शकतात, आणि तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या जवळपास याच धर्तीवर सांगतात की आईवडील आणि धर्ममातापिता बाळाच्या वतीने देवाचे दान स्वीकारतात, जे पुढे त्या मुलाने स्वतः आपले म्हणायचे असते.

तुलना एका जागी अपुरी पडते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. बक्षीस घेणारा स्वतःच्या बळावर हात पुढे करतो. ख्रिस्ती शिकवण म्हणते की हात पुढे करण्याचे बळसुद्धा देवच देतो. पाचव्या शतकाच्या आरंभी याच मुद्द्यावर मोठा वाद झाला. इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले आणि तिथून अनेक लोक उत्तर आफ्रिकेकडे पळाले. पेलागियस नावाचा धर्मोपदेशकही त्याच सुमारास तिकडे पोहोचला. माणसाने निर्धार केला तर तो स्वतःच्या इच्छाशक्तीने देवाच्या आज्ञा पाळू शकतो, यावर त्याचा भर होता. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन यांनी त्याला विरोध केला. देवाची कृपा आधी येते, आपली इच्छा तिच्या मागून चालते, असे त्यांचे म्हणणे होते. ४१८ साली कार्थेज येथील धर्मसभेने पेलागियसची मते नाकारली.

हा वाद कुणा स्वस्थ, सुरक्षित काळात झाला नाही, याचे मला विशेष वाटते. ऑगस्टीन ४३० साली मरण पावले, तेव्हा त्यांच्या शहराला व्हँडल या आक्रमक टोळ्यांचा वेढा पडला होता. त्यांचे चरित्रकार आणि सहकारी पोसिडियस यांनी लिहून ठेवले आहे की अखेरच्या आजारपणात त्यांनी पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून घेऊन पलंगाजवळच्या भिंतीवर लावली होती आणि ती वाचताना ते रडत असत. आयुष्यभर कृपेविषयी लिहिलेल्या माणसाने शेवटी आपल्या ग्रंथांची यादी नव्हे, तर क्षमेची याचना डोळ्यांसमोर ठेवली.

अनिश्चित काळात आपण सौदा का करू लागतो

सगळे ठाकठीक असते तेव्हा कृपेची शिकवण मान्य करायला फारसे कष्ट पडत नाहीत. कसोटी लागते ती पुढचा महिना कसा जाईल हे कळत नाही तेव्हा. अशा वेळी मनाला नियंत्रण हवे असते, आणि सौदा नियंत्रणाचा आभास देतो. मी अमुक इतके दिवस उपवास केला, तमुक रक्कम अर्पण केली, की पलीकडच्या बाजूने माझे काम व्हायलाच हवे, असे गणित मांडता येते. दान मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि त्यावर आपला ताबा चालत नाही; म्हणूनच घाबरलेल्या मनाला दानापेक्षा व्यवहार जवळचा वाटतो.

बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत हे जवळून पाहता येते. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या या आठवडाभराच्या जत्रेत टेकडीवर मेणाच्या वस्तूंचे ठेले लागतात : मेणाचा हात, मेणाचा पाय, मेणाचे बाळ, मेणाचे घर, परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी मेणाचे विमानसुद्धा. ख्रिस्ती लोक ते घेतात, तसे इतर धर्मांचेही हजारो लोक घेतात. गुडघ्याच्या दुखण्याने बेजार झालेली एखादी मावशी मेणाचा पाय मोतमाउलीपुढे, म्हणजे माउंट मेरीच्या मूर्तीपुढे, ठेवते, तेव्हा तिच्या मनात काय चालले आहे हे कुणी बाहेरून ठरवू नये. शब्द सुचत नाहीत म्हणून तिने वस्तूच्या रूपाने केलेली ती प्रार्थना असू शकते, आणि तशी असेल तर ती सुंदर आहे. पण तोच पाय ‘मी दिले, आता तू दे’ या भावनेने ठेवला गेला, तर वस्तू तीच राहते आणि नाते बदलते.

या घाबरलेल्या मनाचा गैरफायदा घेणारे लोकही असतात, आणि त्याबद्दल मौन बाळगणे मला योग्य वाटत नाही. ‘विश्वासाचे बीज म्हणून एवढी रक्कम पेरा, देव शंभरपट देईल’ असा उपदेश काही सभांतून केला जातो, आणि कर्जात बुडालेली माणसे उधारी करून ती रक्कम देतात. बायबलमध्ये याला थेट उत्तर आहे. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचे सामर्थ्य मिळवण्यासाठी प्रेषितांपुढे पैसे ठेवतो. येशूचा शिष्य पेत्र त्याला अत्यंत कठोर शब्दांत सांगतो की देवाचे दान पैशाने मिळवता येईल असे तुला वाटले, म्हणून तुझ्या पैशांसह तुझा नाश होवो. जो उपदेशक कृपेचा दर सांगतो, तो कोणत्याही पंथाचा असो, या प्रसंगातील चुकीच्या बाजूला उभा आहे.

रमाबाईंची आठ वर्षे

धर्म असूनही कृपा हाती न लागणे म्हणजे काय, हे पंडिता रमाबाईंच्या आयुष्याइतके स्पष्टपणे मराठी मुलखात क्वचितच दिसते. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी वडील, आई आणि थोरली बहीण गमावली होती. पुढे भाऊ गेला, आणि १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधवी यांचेही निधन झाले. पदरात लहानगी मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले गेले. विद्वत्ता, त्याग, सेवा, धैर्य यांपैकी कशाचीही कमतरता नव्हती.

आणि तरीही १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. धर्मसिद्धान्तांवर त्यांनी वाँटेजच्या धर्मभगिनींशी पत्रांतून कसून वाद घातले होते. बुद्धीला पटलेले बरेच काही त्यांच्यापाशी होते. नंतर त्यांना उमगले ते असे, की देव देऊ करतो ते तारण पुढे कधीतरी, काही पात्रता पूर्ण केल्यावर मिळणारी गोष्ट नसून आज, आत्ता, आहोत त्या स्थितीत स्वीकारायची गोष्ट आहे.

या जाणिवेनंतर त्या हात जोडून बसून राहिल्या असत्या, तर कृपेवरचे अनेक आक्षेप खरे ठरले असते. घडले ते उलट. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना व विधवांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, त्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. दौंडजवळ केडगाव येथे त्यांनी आधी घेतलेली शेतजमीन होती. तिथे त्यांची सोय झाली आणि तिथेच मुक्ती मिशन उभे राहिले. येणाऱ्या मुलीची जात कोणती, वर्तन कसे, ती पुढे उपयोगी पडेल काय, अशा कसोट्या लावून दार उघडले गेले नाही. जिने स्वतः पात्रतेवाचून स्वीकारले जाणे अनुभवले होते, तिने इतरांना तसेच स्वीकारले, असे मला त्या इतिहासाकडे पाहताना वाटते.

‘फुकट मिळालेल्या गोष्टीची किंमत राहत नाही’

हा आक्षेप ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल, म्हणजे ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक असलेला प्रेषित, स्वतःच तो मांडतो : कृपा वाढावी म्हणून आपण पापातच राहावे काय? आणि लगेच, कदापि नाही, असे उत्तर देतो. जो पापाला मेला तो त्यातच जगत कसा राहील, हा त्याचा युक्तिवाद आहे.

मोफत आणि स्वस्त यांत फरक आहे. काकांचे घर पुतणीला मोफत मिळाले, पण काकांनी ते आयुष्यभराच्या कमाईतून बांधले होते. घेणाऱ्याला मोबदला द्यावा लागला नाही, याचा अर्थ कुणालाच काही सोसावे लागले नाही असा होत नाही. ख्रिस्ती श्रद्धेनुसार कृपेची किंमत क्रुसावर चुकवली गेली आहे. जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी १९३७ साली, नाझी राजवटीच्या छायेत, ‘स्वस्त कृपे’विरुद्ध कठोरपणे लिहिले : पश्चात्तापावाचून क्षमा आणि ख्रिस्ताच्या मागे चालण्यावाचून कृपा, ही त्यांना मंडळीची शत्रू वाटत होती. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. कृपा मोफत आहे यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. ती आयुष्य बदलल्याखेरीज राहत नाही, हेही ते तितक्याच ठामपणे सांगत.

याकोबाच्या पत्रातील ‘क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे’ हे वचन पौलाच्या विरोधात उभे केले जाते. सत्कर्मांचे स्थान कोणते, यावर सोळाव्या शतकात पाश्चिमात्य ख्रिस्ती जग दुभंगले, आणि त्यातून रक्तपातही झाला. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील औग्सबुर्ग येथे लुथरन जागतिक महासंघ आणि रोमन कॅथलिक चर्च यांनी या विषयावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही गुणवत्तेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा देतो, जो आत्मा अंतःकरण नवे करून आपल्याला सत्कर्मांसाठी सज्ज करतो, असा त्या घोषणेचा गाभा आहे. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत. परंतु कर्मे ही कृपेची किंमत नसून तिचे फळ आहेत, यावर जवळपास पाचशे वर्षांनी एकत्र बोलता आले, ही लहान गोष्ट नाही, आणि आपल्याकडच्या वसईतल्या कॅथलिक घराला व अहिल्यानगरच्या (पूर्वीच्या अहमदनगरच्या) प्रोटेस्टंट घराला एका प्रार्थनेला बसायला ती पुरेशी आहे.

‘मग उपवास, यात्रा, मिस्सा हे सारे कशासाठी?’

ज्युबिली वर्षाच्या निमित्ताने आलेला पहिला प्रश्न इथे सुटतो. मूळ ज्युबिलीचे वर्णन लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. पन्नासाव्या वर्षी, गरिबीमुळे विकावी लागलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाई आणि दास झालेला इस्राएली मोकळा होई. ज्याची जमीन परत येई, त्याने त्या वर्षी तिच्यासाठी काही भरलेले नसे. जमीन माझी आहे, असे देव त्या अध्यायात सांगतो. म्हणून तिचा अखेरचा व्यवहार माणसाच्या हाती नव्हता. पुढे नासरेथच्या सभास्थानात संदेष्टा यशयाचे पुस्तक वाचताना येशूने प्रभूच्या कृपेच्या वर्षाची घोषणा वाचली आणि हे वचन आज पूर्ण झाले असे सांगितले, याची नोंद लूकच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) आहे.

यात्रा, उपवास, प्रार्थना, बायबलवाचन, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) किंवा प्रभुभोजन ही दानाची किंमत नसून दान स्वीकारण्याच्या जागा आहेत. एका जागी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांची शिकवण वेगळी आहे : संस्कारांतून, म्हणजे बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा विधींतून, कृपा कशी मिळते याचे वर्णन दोघे निरनिराळ्या रीतीने करतात. परंतु संस्कार घेणाऱ्याने त्याद्वारे देवाला ऋणी करून ठेवले, असे दोघांपैकी कोणीही मानत नाही. वेदीपुढे आपण रिकामे हात पुढे करतो, हे मला या संदर्भात फार बोलके वाटते.

‘कृपा आहे, तर संकट का आले?’

या प्रश्नाचे पूर्ण उत्तर कुणी देऊ पाहिले, तर त्याच्यापासून सावध राहिलेले बरे. बायबलमधील ईयोब या आपत्तींनी घेरलेल्या सज्जनाचे मित्र असेच उत्तर घेऊन आले होते : तुझ्यावर आपत्ती आली, म्हणजे तुझे काहीतरी चुकले असणार. पुस्तकाच्या अखेरीस देव त्या मित्रांवरच रागावतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. येशू दोन्ही पर्याय नाकारतो. पिकाचे नुकसान झालेल्या, नोकरी गेलेल्या किंवा मूल गमावलेल्या माणसाला ‘तुमची प्रार्थना कमी पडली’ असे सुनावणारा शेजारी कितीही धार्मिक असो, तो ईयोबाच्या मित्रांचीच री ओढत असतो.

पौलाला एक जुनी पीडा होती. तो तिला शरीरातला काटा म्हणतो. ती नेमकी कोणती, हे त्याने सांगितलेले नाही. ती जावी म्हणून त्याने तीनदा विनंती केली. ती गेली नाही. त्याला मिळालेले उत्तर करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे : ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ हे वचन आपल्या घरांतल्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर इतक्या वेळा दिसते की त्यातला नकार आपल्या लक्षात येत नाही. काटा काढणार नाही, असे देव इथे सांगत आहे. कृपा म्हणजे संकट टळण्याची हमी, अशी व्याख्या कुणी केली तर पौल त्या व्याख्येत बसत नाही, आणि वधस्तंभावरचा ख्रिस्तही बसत नाही. कृपेचे वचन आहे ते सोबतीचे आणि सामर्थ्याचे. परिस्थिती आपल्या मनाप्रमाणे घडण्याचे नव्हे.

‘माझा विश्वास तेवढा पक्का नाही’

मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवायला मला हात द्या. येशू त्या मुलाला बरे करतो. विश्वास आधी पक्का कर आणि मग ये, असे तो त्या बापाला सांगत नाही. थरथरत्या हाताने केलेली सहीसुद्धा सहीच असते. दस्ताचे बळ अक्षराच्या वळणात नसते, देणाऱ्याच्या मालकीत असते.

आजच्यापुरती कृपा

अनिश्चिततेचे खरे दुखणे उद्याविषयी असते, आणि इथे निर्गम पुस्तकाचा सोळावा अध्याय फार मदत करतो. मिसरातून (इजिप्तमधून) सुटलेले इस्राएली लोक रानात भुकेने कुरकुर करू लागले, तेव्हा त्यांना रोज सकाळी जमिनीवर मान्ना नावाचा अन्नपदार्थ मिळू लागला. प्रत्येकाने माणशी एक ओमर (त्या काळचे एक माप) गोळा करावा, अशी आज्ञा होती. काहींनी उद्याची काळजी करून तो साठवला, तर त्यात किडे पडले आणि दुर्गंधी सुटली. केवळ सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करता येई, कारण शब्बाथाला, म्हणजे विश्रांतीच्या सातव्या दिवशी, तो मिळत नसे. हा क्रम चाळीस वर्षे चालला.

या लोकांना रानात कोठार मिळाले नाही, रोजची सकाळ मिळाली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही प्रभूने शिकवलेली विनंती त्याच वळणाची आहे. तिच्यात वर्षभराच्या धान्याची मागणी नाही. पुढच्या वर्षी येऊ शकणाऱ्या संकटाला तोंड देण्याचे बळ आज आपल्यात जाणवत नाही, म्हणून आपण खचतो. पण ते बळ आज दिलेलेच नसते, कारण ते संकट आज आलेले नसते. रुग्णालयाच्या व्हरांड्यात रात्र काढणाऱ्या नातेवाइकांना याचा अनुभव असतो. आधी विचारले असते तर ‘मला जमणार नाही’ म्हणाली असती अशी माणसे एकेक रात्र पार पाडतात.

याचा अर्थ बचत करू नये, विमा उतरवू नये, पर्यायी नोकरी शोधू नये, असा मात्र नाही. योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवले आणि त्यामुळे दुष्काळात लोक जगले, हे त्याच बायबलात आहे. नियोजन करणे ही जबाबदारी आहे; नियोजनालाच देव मानणे ही चूक आहे, कारण मग एक नियोजन फसले की सारे आयुष्य फसल्यासारखे वाटते.

घेण्याची लाज

शेवटचा अडथळा धर्मशास्त्राचा नसून स्वभावाचा आहे. आपल्या समाजात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असे मानले जाते. नोकरी गेलेला गृहस्थ रविवारच्या उपासनेला येणे बंद करतो, कारण कुणीतरी ‘सध्या काय चाललंय?’ असे विचारेल. आजारी सासूचे करून थकलेली सून शेजारणीने आणलेला डबा ‘अहो, कशाला त्रास’ म्हणून परत करते. देवाची कृपा पुष्कळदा माणसांच्या हातून येते, आणि ती माणसे परत पाठवून आपण वर आकाशाकडे पाहत मदतीची वाट पाहतो. मंडळीचीही यात जबाबदारी आहे. मदत घेणाऱ्याचा फोटो काढणारी, त्याचे नाव जाहीर वाचणारी मंडळी दानाला पुन्हा व्यवहाराचे रूप देते, आणि घेणाऱ्याकडून त्याच्या लाजेच्या रूपाने किंमत वसूल करते.

घेणे आणि देणे यांत मंडळीने उच्चनीच कसे मानू नये, हे पौलाने यरुशलेममधील गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना शिकवले. करिंथकरांना तो मासेदोनियातील मंडळ्यांचे उदाहरण देतो : त्या स्वतः बिकट संकटात आणि कमालीच्या दारिद्र्यात असताना त्यांनी उदारपणे दिले, आणि त्यांच्या या देण्याला तो त्यांच्यावर झालेली देवाची कृपा म्हणतो. तिथेच तो मान्न्याची आठवणही करून देतो : ज्याने फार गोळा केले त्याचे उरले नाही, आणि ज्याने थोडे गोळा केले त्याला कमी पडले नाही. आज तुमच्याकडचे जास्तीचे त्यांची उणीव भरून काढते, पुढे त्यांच्याकडचे तुमची भरून काढेल, असे त्याचे म्हणणे आहे.

आणि हाच पौल स्वतः बंदिवासात असताना घेणारा झाला. फिलिप्पै येथील मंडळीने एपफ्रदीत नावाच्या बांधवाच्या हाती त्याला मदत पाठवली. ती पोहोचवण्याच्या कामी एपफ्रदीत आजारी पडून मरणाच्या दारी जाऊन आला. पौलाने ती मदत स्वीकारली, आणि आभाराच्या पत्रात कोणताही संकोच न ठेवता लिहिले की विपुलतेत कसे राहावे आणि टंचाईत कसे राहावे, हे दोन्ही मी शिकलो आहे, तरी तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे चांगले केले. त्या पत्रात आनंदाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. आपली सुटका होणार की मृत्युदंड, हे ते लिहिताना त्याला ठाऊक नव्हते.